बेस कुठे गेला?

डीजे मिक्स कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केला आणि ऐकताना बेसच गायब, असा अनुभव पुष्कळांना येतो. मग पहिला हात जातो इक्वलायझरकडे. माझाही गेला होता. तो का जाऊ नये, हे सांगण्यासाठी हा लेख.

झालं असं

गॅदरिंगच्या ग्रुप डान्ससाठी माझ्या रूममेटने बारा मिनिटांचा मिक्स वाजवला. वाजवणारा तो, रेकॉर्ड करणारा मी. मिक्सर भाड्याचा, रात्रीच परत द्यायचा, म्हणजे दुसरा टेक नाही. मिक्सरच्या बूथ आउटपुटला बॉक्स जोडले होते आणि खोलीच्या खिडक्या थरथरत होत्या. मास्टर आउटपुटमधून दोन केबल्स ऑडिओ इंटरफेसमध्ये आणि तिथून यूएसबीने लॅपटॉपमध्ये. केबल्स मी स्वतः सोल्डर केल्या होत्या. हेडफोनवर ऐकलं. जरा विचित्र, डोक्याच्या आत पसरल्यासारखं वाटलं, पण बेस होता. मी फाइल सेव्ह केली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी रिहर्सलला टेबलावर दोन बॉक्स ठेवले होते, मध्ये जेमतेम एक मीटर अंतर. गाणं सुरू झालं आणि किक ड्रमच्या जागी नुसती टिकटिक! डान्सवाली मंडळी किकवरच पाऊल टाकतात, त्यामुळे दुसऱ्याच ओळीला सगळे चुकले. मी लगेच रूममेटला सुनावलं, "तूच बेस कमी ठेवला असशील."

तो म्हणाला, "खिडक्या हलत होत्या, विसरलास का?"

मी इक्वलायझरवर बेस १२ डेसिबल वाढवला. आवाज फाटायला लागला, पण बेस काही आला नाही. तेवढ्यात साउंड सांभाळणारे काका म्हणाले, "बाळा, एक बॉक्स बंद कर बघू." मला वाटलं, आवाज अर्धा होईल. पण डावा बॉक्स बंद केला आणि उजव्यातून धप्पकन बेस आला! काका म्हणाले, "एक बाजू उलटी आहे तुझी."

कारण काय?

गाण्यातला बेस बहुतेक वेळा डाव्या आणि उजव्या चॅनेलमध्ये सारखाच असतो. आता एका चॅनेलची पोलॅरिटी उलटली, तर डाव्या स्पीकरचा पडदा पुढे जाताना उजव्याचा मागे जातो. एक हवा दाबतो, दुसरा ओढतो. बेरीज जवळजवळ शून्य.

मग फक्त बेसच का जातो? तरंगलांबीमुळे. ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धरला तर ५० हर्ट्झच्या तरंगाची लांबी जवळजवळ ७ मीटर येते. एक मीटर अंतरावरचे दोन स्पीकर त्या तरंगाच्या दृष्टीने एकाच जागी आहेत, म्हणून दोघे एकमेकांना खाऊन टाकतात. ५००० हर्ट्झची तरंगलांबी मात्र ७ सेंटिमीटरच्या आसपास. तिथे डोकं थोडं हललं तरी कुठे वजाबाकी, कुठे बेरीज होते, त्यामुळे ट्रेबल टिकतो. हेडफोनमध्ये प्रत्येक कानाला आपापला चॅनेल मिळतो, हवेत बेरीज होतच नाही. म्हणून मी रात्री फसलो.

आणि हेच कळलं असेल की इक्वलायझर का हरला. तो दोन्ही चॅनेलना सारखंच वाढवतो. पाचातून पाच गेले तरी शून्य, पन्नासातून पन्नास गेले तरी शून्य.

आमच्या ऑडिटोरियमची सिस्टीम तर मोनो, म्हणजे दोन्ही चॅनेल वायरमध्येच एकत्र होतात. तिथे बेसबरोबर मधोमध असलेला गायकाचा आवाजसुद्धा गेला असता, तोही भर कार्यक्रमात.

चूक कुठे होती?

मिक्सरचं आउटपुट बॅलन्स्ड होतं. एक्सएलआर कनेक्टरला तीन पिना असतात : १ नंबर ग्राउंड, २ नंबर हॉट म्हणजे सरळ सिग्नल, ३ नंबर कोल्ड म्हणजे तोच सिग्नल उलटा. मी मोनो जॅकवर उतरताना एका केबलमध्ये टोकाला २ नंबर जोडला आणि दुसरीत ३ नंबर. दोन्ही केबल्समधून आवाज नीट येत होता, म्हणून टेस्टमध्ये दोन्ही पास! मल्टिमीटरने कंटिन्युइटी तपासली असती तर एका मिनिटात सापडलं असतं.

उपाय

सुदैवाने रेकॉर्डिंगमध्ये काहीच हरवलेलं नव्हतं. ऑडॅसिटीमध्ये फाइल उघडून किकच्या ठोक्यावर झूम केलं. डाव्या चॅनेलची रेघ वर जाताना उजव्याची खाली जात होती, अगदी आरशासारखी. स्टिरिओ ट्रॅकचे दोन भाग केले, एक भाग सिलेक्ट करून इन्व्हर्ट इफेक्ट दिला, पुन्हा स्टिरिओ केला. पाच मिनिटांचं काम. बेस जसाच्या तसा परत.

तुमची केस वेगळी असेल तर

एक बॉक्स बंद करूनही बेस येत नसेल, तर या क्रमाने बघा :

१. बेस खरंच कमी आहे का? लॅपटॉपचे चिमुकले स्पीकर खोल बेस देऊच शकत नाहीत. शिवाय हळू आवाजात आपल्या कानालाच बेस कमी ऐकू येतो. प्लॉट स्पेक्ट्रमवर बघा, पण एकेका चॅनेलचं वेगळं.

२. सिग्नल माइकच्या इनपुटमध्ये तर दिला नाही? आजच्या बऱ्याच लॅपटॉपवर एकच हेडसेट जॅक असतो आणि त्यातलं इनपुट माइकचं, तेही मोनो. इनपुटला असलेला कपॅसिटर आणि रेझिस्टन्स मिळून हायपास फिल्टर होतो. कटऑफ म्हणजे १ भागिले २ पाय आरसी. समजा कपॅसिटर १ मायक्रोफॅरड आहे. १० किलोओहमला कटऑफ १६ हर्ट्झ येतो, पण २ किलोओहमला तोच ८० हर्ट्झ. म्हणजे किकचा तळच कापला गेला. लाइन इनपुट असलेला इंटरफेस वापरा.

३. टर्नटेबल थेट लाइन-इनला जोडलंय? रेकॉर्डवर बेस मुद्दाम कमी करून कोरतात. १९५४ पासून रूढ झालेल्या आरआयएए कर्व्हप्रमाणे २० हर्ट्झला तो १ किलोहर्ट्झपेक्षा सुमारे १९ डेसिबल खाली असतो. फोनो प्रीअॅम्प तो परत वर आणतो. तो मध्ये नसेल तर आवाज बारीक आणि पातळ येणारच.

४. विंडोजमधली ऑडिओ एन्हान्समेंट्स बंद आहेत का? नॉइज सप्रेशन हे माणसाच्या बोलण्यासाठी असतं. किकला ते सरळ गोंगाट समजू शकतं.

एमपीथ्रीवर मात्र उगाच आळ घेऊ नका. कमी बिटरेटला तिथे आधी ट्रेबल कापला जातो, बेस नाही.

शेवटी

सर नेहमी सांगतात, आधी मोजा, मग दुरुस्त करा. मी मोजायच्या आधी दोष देऊन मोकळा झालो होता, आणि तोही दुसऱ्याला. त्या संध्याकाळी मेसमध्ये रूममेटला सगळ्यांसमोर सॉरी म्हटलं. तो एवढंच म्हणाला, "पुढच्या वेळी खिडक्यांवर विश्वास ठेव."

ती उलटी केबल मी दुरुस्त केली आहे. दोन्ही टोकं मल्टिमीटरवर तपासूनच बॅगेत ठेवली.