पाळी जाण्याच्या वयातील ताण

गेल्या आठवड्यात निमोण्याच्या एक बाई सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. वय सत्तेचाळीस. म्हणाल्या, "डॉक्टर, रात्री एकदम अंगातनं वाफा निघतात, घामानं पातळ भिजतं. मग झोपच येत नाही. पहाटे धार काढायला बसलं की छातीत धडधडतं. दिवसभर पोरांवर खेकसते आणि मग एकटीच रडत बसते. माझं डोकं तर फिरलं नाही ना?" मग आवाज बारीक करून म्हणाल्या, "जाऊबाई म्हणतात, पिशवी काढून टाक, सगळं थांबेल."

हे दोन प्रश्न पुष्कळ भगिनींच्या मनात असतात. पहिल्याचे उत्तर स्पष्ट आहे, डोके फिरलेले नाही. दुसऱ्याचे उत्तर असे की, वाफा आणि चिडचिड यांवर पिशवी काढणे हा उपाय नव्हे.

आपल्या देशात पाळी साधारणपणे सेहेचाळीस-सत्तेचाळीसच्या सुमारास कायमची थांबते. सलग बारा महिने पाळी आली नाही, की ती गेली असे समजावे. त्याआधी काही वर्षे बीजकोशांचे काम मंदावत जाते आणि इस्ट्रोजेन हे संप्रेरक कमी-जास्त होऊ लागते. मेंदूतील शरीराचे तापमान सांभाळणारे केंद्र त्यामुळे हळवे होते. थोडी उष्णता वाढली तरी ते घाम आणते. रात्री झोपमोड होते, झोप नाही म्हणून दिवसा चिडचिड होते, आणि आपण असे का वागतो या विचाराने पुन्हा झोप उडते. या चक्राला मुलीच्या लग्नाची, कर्जाची, सासू-सासऱ्यांच्या आजारपणाची जोड मिळाली, की ताण दुप्पट होतो.

मात्र सगळे वयावर ढकलू नये. थायरॉइडचा विकार, रक्तक्षय, रक्तदाब व मधुमेह यांतही धडधड, थकवा, घाम अशी लक्षणे दिसतात. या बाईंचे हिमोग्लोबिन नऊ निघाले. म्हणून आधी तपासणी करून घ्यावी.

आता पिशवीविषयी. पाळी जाण्याच्या आधी ती अनियमित होते, कधी अंगावरून जास्त जाते. कामाचे खाडे होतात, कर्करोगाची भीती वाटते आणि बाई शस्त्रक्रियेला तयार होते. आपल्या भागात ऊसतोडीला येणाऱ्या बीडकडील भगिनींची कहाणी सर्वांना ठाऊक असावी. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने या प्रश्नाची चौकशी केली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली, म्हणजे सहा जणींत एक! पिशवीबरोबर बीजकोशही काढले, तर जी पाळी हळूहळू जायची ती एका दिवसात जाते, आणि वाफा, निद्रानाश, उदासी जोराने सुरू होतात. बीजकोश ठेवले तरी ते काहीसे लवकर थकू शकतात. कर्करोग, मोठ्या गाठी, औषधाने न थांबणारा रक्तस्राव अशा कारणांसाठी शस्त्रक्रिया जरूर करावी; पण सोनोग्राफी आणि दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाचा सल्ला घेतल्यावरच.

मग ताणावर करायचे काय?

झोपेची व उठण्याची वेळ ठरलेली असावी. अंगावर सुती, सैल कपडे असावेत. उशाशी पाण्याचा तांब्या ठेवावा. दुपारनंतर चहा टाळावा. मिश्री व तंबाखू सोडावी. तंबाखूने पाळी लवकर जाते आणि हाडेही ठिसूळ होतात.

धडधड सुरू झाली की बसावे. चार अंक मोजत श्वास आत घ्यावा, सहा अंक मोजत सोडावा. असे पाच मिनिटे करावे. रानातले काम असले तरी रोज अर्धा तास मोकळ्या मनाने चालावे, शक्यतो मैत्रिणीबरोबर. बोलण्याने निम्मा भार हलका होतो.

या वयात दररोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. एका पेलाभर दुधात सुमारे ३०० मिलिग्रॅम मिळते. घरचे सगळे दूध डेअरीला जाते आणि धार काढणारीच कोरा चहा पिते, हे बदलले पाहिजे. नाचणी, तीळ, पालेभाज्याही खाव्यात.

एवढ्याने भागले नाही तर औषधे आहेत. २००२ सालच्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासानंतर संप्रेरकांच्या गोळ्यांची फार भीती पसरली. पुढे असे दिसून आले, की साठीच्या आत आणि पाळी जाऊन दहा वर्षे व्हायच्या आत, नीट तपासून दिल्यास बहुतेक स्त्रियांना धोक्यापेक्षा फायदा जास्त होतो. स्तनाचा कर्करोग, रक्ताच्या गुठळ्या, पक्षाघात किंवा यकृताचा विकार झालेल्यांना मात्र त्या देत नाहीत. दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत.

दोन गोष्टी अंगावर काढू नयेत. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर थेंबभर जरी रक्त दिसले, तरी लगेच तपासून घ्यावे. आणि दोन आठवडे मन सतत उदास असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना सांगावे. टेली-मानस या सरकारी सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो.

घरच्या पुरुषांनाही एक सांगणे आहे. बायको चिडली म्हणजे तिला वेड लागले नाही, की कुणी काही करणीही केली नाही. तिला दोन तास नीट झोपू द्या. त्या बाईंना लोहाच्या गोळ्या दिल्या, श्वासाची पद्धत शिकवली. पहाटेची धार मात्र आता सून आणि मुलगा आळीपाळीने काढणार आहेत. तेही औषधच आहे.