मामांच्या पिकअपचा सायलेन्सर

फ्लुइड मेकॅनिक्सचं जे पान दोन वर्षं माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं, ते गेल्या दिवाळीत एका दुपारीत शिरलं.

गाडी नेवाशाच्या मामांची. १९८९ची महिंद्र, मागे पिकअपचा हौदा, एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन, २११२ सीसी. घोडेगावला कांदा नेताना दमते, म्हणून एका मिस्त्रीने सायलेन्सर कापला, पोटातलं सगळं काढलं आणि परत वेल्डिंग मारलं. म्हणे, "आता पळंल!" आवाजाने गल्ली जागी झाली, ते सोडा. पण मार्केटच्या रांगेत इंजिन चालू ठेवून केबिनमध्ये झोपलेला मामेभाऊ डोकं धरून, ओकत उठला. पुढच्या फ्लँजचं गॅस्केट नीट बसलंच नव्हतं, धूर फ्लोअरखालून आत येत होता. डिझेलच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड पेट्रोलपेक्षा कमी असतो खरा, पण बंद केबिनमध्ये त्या भरवशावर झोपू नये.

मग वही काढली. ३००० आरपीएमला हे इंजिन सेकंदाला साधारण ४५ लिटर हवा घेतं. ४०० अंशाला तीच हवा फुगून १०० लिटरच्या आसपास होते. दीड इंची पाइपात तिचा वेग सेकंदाला ८८ मीटर, दोन इंचीत ४९. प्रवाह तोच असेल तर घर्षणाने होणारा दाबाचा तोटा व्यासाच्या पाचव्या घाताने कमी होतो. म्हणजे अर्धा इंच वाढवला की तोटा चौथ्या हिश्श्यावर! हॉस्टेलचे बुलेटवाले म्हणतात "थोडं बॅक प्रेशर हवंच". अहो, उपयोगी पडते ती योग्य वेळी परत येणारी सक्शनची लाट. दाब कुणालाच नको असतो.

आता आवाज. चार सिलेंडर, ३००० आरपीएम, म्हणजे सेकंदाला १०० धक्के. गरम धुरात ध्वनीचा वेग ५२० मीटर, म्हणून लाट ५.२ मीटरची. रिकामा डबा ती सगळ्यात चांगली अडवतो तो पाव लाटेएवढा लांब असला तर, म्हणजे १.३ मीटर. एवढा डबा गाडीखाली बसवणार कुठे? म्हणून आत पडदे आणि भोकं पाडलेल्या नळ्या घालून खोल्या करतात. मिस्त्रीने नेमकं तेच भंगारात टाकलं होतं.

आम्ही पडद्यांचा नवा सायलेन्सर घेतला आणि दोन इंची पाइप वाळू भरून वाकवला, म्हणजे वळणावर चपटा होत नाही. रबराचे हँगर, नवं गॅस्केट, आणि सगळ्यात खालच्या जागी तीन मिलिमीटरचं भोक. जवळच्या खेपांत सायलेन्सर पुरता तापत नाही, आत पाणी साचतं, डिझेलच्या गंधकाबरोबर त्याचं आम्ल होतं आणि पत्रा आतून सडतो.

नियमही बघा. मोटार वाहन नियम ११२ प्रमाणे धूर खाली किंवा डावीकडे सोडायचा नाही, मागे किंवा उजवीकडेच. ११३ प्रमाणे पाइप डिझेलच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत नको. सायलेन्सर सक्तीचा, १२० प्रमाणे. २०१९च्या दुरुस्तीनंतर आवाज-प्रदूषणाला पहिल्या गुन्ह्यालाच १०,००० रुपयांपर्यंत दंड आहे.

गळती बघायची असेल तर थंड इंजिन चालू करा, जोडांवर साबणाचं पाणी लावा आणि मागच्या टोकाशी क्षणभर ओलं फडकं धरा. बुडबुडे येतात तिथे फट.

आणि दम लागायचं मोठं कारण? ऑइल बाथ एअर फिल्टरमधल्या तेलाचा चिखल झाला होता. तो धुवायला वीस मिनिटं लागली. मामा मात्र सगळं श्रेय पाइपालाच देतात.