हुगळीतील हिलसा आणि मत्स्यसाठ्याचे मोजमाप

कोलकात्याच्या बाजारात येणारे मासे दोन अगदी निराळ्या व्यवस्थांतून येतात. शहराच्या पूर्वेस सांडपाण्यावर चालणारे उथळ मत्स्यतलाव आहेत. त्यांना तेथे ‘भेरी’ म्हणतात. सुमारे १२,५०० हेक्टरांचा हा पाणथळ प्रदेश २००२ पासून रामसर यादीत आहे. भेरीत किती बोटुकली सोडली हे मालकाला ठाऊक असते, त्यामुळे किती मासे काढावेत याचा हिशेब तो मांडू शकतो. शहराच्या पश्चिमेने वाहणाऱ्या हुगळीतील हिलसा मात्र कोणी सोडलेला नसतो, मोजलेला नसतो आणि जाळ्यात येईपर्यंत तो कोणाच्याही मालकीचा नसतो. असा मासा किती आहे, हे ठरवायचे कसे?

सर्वसाधारण उत्तर असे, की पकडलेल्या माशांचे आकडे पाहावेत. परीक्षार्थींनी येथेच सावध असावे. ‘मत्स्योत्पादन’ आणि ‘मत्स्यसाठा’ या दोन भिन्न संकल्पना आहेत. उत्पादन म्हणजे पाण्याबाहेर आलेले मासे, तर साठा म्हणजे पाण्यात शिल्लक असलेले. एक छोटे काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एका हंगामात १०० होड्यांनी प्रत्येकी १० दिवस मासेमारी करून ५० टन मासे आणले. काही वर्षांनी २०० होड्या प्रत्येकी २० दिवस जाऊ लागल्या आणि १०० टन मासे आले. अहवालात उत्पादन दुप्पट झालेले दिसेल. परंतु पहिल्या हंगामात एका होडीस दिवसाला ५० किलो मासे मिळत होते, ते आता २५ किलोंवर आले आहेत. या दुसऱ्या आकड्यास ‘प्रतिप्रयत्न उत्पादन’ म्हणतात. साठ्याची चाहूल देणारा आकडा तोच होय.

तथापि हा निर्देशकही फसवा ठरू शकतो. थव्याने राहणारे मासे संख्या घटली तरी उरलेल्या जागी दाटीने राहतात आणि अनुभवी कोळी नेमका तेथेच जातो. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या कॉड माशाच्या बाबतीत असेच घडले. व्यापारी जहाजांना मासे मिळत राहिले आणि १९९२ मध्ये ती मासेमारी बंद करण्याची पाळी आली. म्हणून शास्त्रज्ञ माशांची लांबीही मोजतात आणि कानातील अस्थींवर उमटणाऱ्या वलयांवरून वय काढतात. पकडीतील सरासरी लांबी वर्षानुवर्षे घटत असेल, तर मासे वाढण्यापूर्वीच उचलले जात आहेत असे अनुमान निघते. अर्थात जाळ्याचा आस बदलला तरीही लांबी बदलते, हे विसरून चालत नाही.

साठा चार गोष्टींनी बदलतो : नव्या पिढीची भर, माशांची वाढ, नैसर्गिक मृत्यू आणि मासेमारीमुळे होणारे मृत्यू. हिलशाच्या बाबतीत यांपैकी पहिली बाब सर्वांत नाजूक आहे. हा मासा समुद्रात वाढतो आणि अंडी घालण्यासाठी नदीच्या गोड्या पाण्यात प्रवाहाविरुद्ध वर चढतो. एक मादी कित्येक लाख अंडी घालते. पण पिले काही महिने नदीत वाढून समुद्राकडे परतली, तरच त्या अंड्यांना अर्थ राहतो. पाण्याची खोली, गढूळपणा, क्षारता आणि पावसाळी प्रवाह यांपैकी काहीही बिघडले तरी एखादी पिढी जवळजवळ वाया जाऊ शकते.

१९७५ मध्ये कार्यान्वित झालेल्या फराक्का बंधाऱ्याकडे या दृष्टीने पाहावे. कोलकाता बंदरातील गाळ वाहून जावा यासाठी सुमारे ३८ किलोमीटर लांबीच्या कालव्याने गंगेचे पाणी भागीरथी-हुगळीत आणण्यात आले. पूर्वी अलाहाबाद (आताचे प्रयागराज) आणि त्याहीवर जाणारा हिलसा बंधाऱ्यापाशी अडला. मासे वर जावेत म्हणून ठेवलेली सोय परिणामकारक ठरली नाही आणि बिहार व उत्तर प्रदेशातील गंगाकाठच्या कोळ्यांचा एक हंगाम जवळपास संपला. खाली हुगळीत मात्र गोडे पाणी वाढले, गोड्या पाण्याचा पट्टा समुद्राच्या दिशेने सरकला आणि खाडीतील एकूण पकड वाढलेली दिसली. त्याच काळात यांत्रिक होड्या व जाळीही वाढल्याने, या वाढीचे श्रेय पाण्याला किती आणि वाढलेल्या मासेमारीला किती, हे नुसत्या उत्पादनाच्या आकड्यावरून सांगता येत नाही. १९४७ मध्ये कोलकात्यात सुरू झालेली व आज बराकपूर येथे असलेली केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्था या नदीच्या नोंदी ठेवत आली आहे, म्हणून हा प्रश्न विचारता तरी येतो.

बाजारभाव या चित्रात आणखी गुंतागुंत निर्माण करतो. सामान्यतः साठा विरळ झाला की मासेमारी परवडेनाशी व्हावी. पण पावसाळ्यात बंगाली कुटुंबाला हिलसा हवाच असतो. त्यामुळे मासा दुर्मीळ होतो तसा भाव चढतो आणि होड्या थांबत नाहीत. एच. स्कॉट गॉर्डन यांनी १९५४ मध्ये मांडलेला सिद्धान्त हाच, की सर्वांना मुक्त असलेल्या मत्स्यक्षेत्रात नफा शून्यावर येईपर्यंत नवे लोक उतरत राहतात. शिवाय गरियाहाट वा माणिकतला बाजारातील हिलसा बांगलादेशातून किंवा म्यानमारमधूनही आलेला असू शकतो. त्यामुळे फळीवरचा ढीग हुगळीबद्दल काहीच सांगत नाही.

पश्चिम बंगाल शासनाने २०१३ मध्ये २३ सेंटिमीटरांपेक्षा लहान हिलसा पकडणे व विकणे यांवर बंदी घातली आणि प्रजननासाठी १५ सप्टेंबर ते २४ ऑक्टोबर हा काळ राखून ठेवला. (मासेमारी राज्यसूचीत, नोंद २१ मध्ये आहे, प्रादेशिक जलक्षेत्रापलीकडील मासेमारी संघसूचीत, नोंद ५७ मध्ये.) तरीही ‘खोका इलिश’ म्हणून ओळखला जाणारा लहान मासा बाजारात दिसतो, कारण बंदीच्या दिवसांत चूल कशी पेटवायची हा कोळ्याचा प्रश्न उरतोच. प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत बंदीकाळातील तीन महिन्यांसाठी नोंदणीकृत लाभार्थ्यास शासनाचे ३,००० रुपये व त्याची स्वतःची १,५०० रुपये बचत, असे एकूण ४,५०० रुपये मिळतात. एका कुटुंबाच्या तीन महिन्यांसाठी ही रक्कम तोकडीच म्हणावी लागेल. बांगलादेशाने लहान हिलशाच्या संरक्षणकाळात कोळी कुटुंबांना दरमहा ४० किलो तांदूळ देण्याची पद्धत अवलंबिली. तेथील हिलसा उत्पादन २००२-०३ मधील सुमारे २ लाख टनांवरून २०१७-१८ मध्ये ५ लाख टनांच्या पुढे गेले. मात्र तेथेही उत्पादन म्हणजे साठा नव्हे, हा इशारा लागू आहेच. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी किमान लांबी ठरवून दिली असून तिच्या अंमलबजावणीपुढे हाच प्रश्न आहे.

बराकपूरच्या संस्थेने अलीकडे फराक्क्याच्या वरच्या बाजूस खुणा लावलेले हिलसे सोडण्याचे काम हाती घेतले आहे. खुणांच्या साहाय्याने साठा मोजण्याची रीत सोपी आहे. समजा, १,००० खुणेचे मासे सोडले, पुढे ५०० मासे पकडले आणि त्यांत १० खुणेचे निघाले. तर एकूण साठा १,००० गुणिले ५०० भागिले १०, म्हणजे ५०,००० इतका अंदाजता येतो. मासे बाहेरून येत नाहीत, बाहेर जात नाहीत, खूण गळून पडत नाही आणि सापडलेली प्रत्येक खूण कळविली जाते, ही गृहीतके त्यामागे आहेत. स्थलांतर करणाऱ्या हिलशाला पहिली दोन लागू पडणे अवघड आहे. चौथे गृहीतक तर पूर्णपणे कोळ्याच्या हाती असते. दंडाच्या भीतीने त्याने त्या १० पैकी ५ खुणा नदीत टाकून दिल्या, तर कागदावरचा साठा १,००,००० होतो.