पिंप आधी घासा, मग औषध टाका



घरातले पाण्याचे पिंप रिकामे झाले की त्याच्या आतल्या भिंतीवरून एकदा बोट फिरवून पाहा. बोट सरकन घसरले, थोडे बुळबुळीत लागले, तर तो नुसता ओलेपणा नाही. तो जंतूंचा थर आहे. विज्ञानात त्याला 'बायोफिल्म' म्हणतात. पाणी वरून काचेसारखे स्वच्छ दिसत असले तरी हा थर असू शकतो. आमच्या आरोग्य पानावर या वेळी त्याच थराची माहिती देत आहोत. पाण्यात औषध टाकूनही काही घरांत पोट वारंवार का बिघडते, याचे एक कारण या थरात सापडते.

जंतू भिंतीला कसा चिकटतो?

बहुतेक जिवाणू इतके लहान असतात की एका मिलीमीटरमध्ये सुमारे हजार जिवाणू ओळीने बसतील. पाण्यात तरंगणारा जिवाणू पिंपाच्या भिंतीला लागला की सुरुवातीला तो तिथे सैलसर टेकतो. या वेळी पाणी हलले किंवा भिंत विसळली तर तो सहज निघून जातो.

पण त्याला तिथे निवांत राहू दिले तर काही तासांत तो पक्का बसतो. त्याच्या अंगावरचे बारीक केसांसारखे धागे भिंतीला धरतात. मग तो स्वतःभोवती एक चिकट पदार्थ सोडतो. पाण्यातले इतर जंतू आणि गाळ त्याला येऊन चिकटतात. एकाचे दोन, दोनाचे चार होत जातात. काही दिवसांत हाताला कळेल असा थर तयार होतो.

परातीला लागलेल्या कणकेचे उदाहरण घ्या. लगेच धुतली तर ती चटकन निघते. वाळू दिली तर नुसत्या पाण्याने निघत नाही, घासावी लागते. जंतूंचेही तसेच आहे.

औषध का कमी पडते?

आपण पाण्यात क्लोरीनचे थेंब टाकतो. त्याने तरंगणारे बरेचसे जंतू मरतात, म्हणून ते टाकलेच पाहिजे. पण थरातला चिकट पदार्थ क्लोरीनला वरच्या वर अडवतो. क्लोरीन त्या चिकट पदार्थातच खर्ची पडते आणि आतले जंतू वाचतात.

ही गोष्ट माणसाला फार पूर्वी दिसली होती. हॉलंडमधला कापड व्यापारी लेवेनहूक याने १६८३ साली दातांवरचा पांढरा थर खरवडून आपल्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. त्यात असंख्य जीव हलताना दिसले. पुढे त्याच्या हेही लक्षात आले की व्हिनेगरने थराच्या बाहेरचे जीव मरतात, आतले टिकतात. आपण दात नुसती चूळ भरून न सोडता घासतो, त्याचे कारण हेच. पिंपालाही तोच नियम लागू आहे.

या थरातले सगळेच जंतू रोगाचे नसतात. बरेचसे निरुपद्रवी असतात. पण रोगाचा जंतू पाण्यातून आला तर त्याला या थरात आसरा मिळतो आणि तो जास्त दिवस तग धरतो.

चिकटलेला जंतू सुटतो कधी?

पहिले कारण पाण्याचा जोर. नळ बरेच तास बंद राहून अचानक सुटला की पाइपच्या आतला थर आणि गाळ सुटून पहिल्या पाण्याबरोबर येतो. शिवाय पाइप रिकामा असताना त्याच्या भेगांमधून बाहेरचे घाण पाणी आत ओढले जाते. नळाला थेट मोटर लावली तर ही ओढ आणखी वाढते. म्हणून सुरुवातीचे पाणी बादलीत वेगळे धरावे. ते फरशीला किंवा संडासाला वापरावे, पिण्यासाठी भरू नये.

दुसरे कारण ढवळणे. तळाशी थोडे पाणी उरले असताना तांब्या भिंतीला घासत आपण पाणी काढतो, तेव्हा थराचे तुकडे त्यात मिसळतात. त्याच उरलेल्या पाण्यावर ताजे पाणी ओतले की सगळ्या पिंपात ते पसरतात.

तिसरे कारण जंतू स्वतः. थरात दाटी झाली, अन्न कमी पडले की काही जंतू आपणहून सुटतात आणि नवी जागा शोधतात. त्यामुळे थर राहिला तर आज शुद्ध केलेले पाणी उद्या पुन्हा बिघडू शकते.

पुण्याने घेतलेला धडा

जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गिलेन-बारे सिंड्रोमचे, म्हणजे जीबीएसचे, रुग्ण मोठ्या संख्येने सापडले. संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली, काही जण दगावले. या आजारात शरीराची स्वतःची संरक्षणव्यवस्थाच नसांवर हल्ला करते. अनेक रुग्णांना आधी जुलाब झाले होते. काहींच्या शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू सापडला आणि दूषित पाण्यावर संशय गेला. हा जिवाणू एकटा पाण्यात फार टिकत नाही, पण दुसऱ्या जंतूंच्या थरात जास्त काळ जगतो, असे प्रयोगशाळेतल्या अभ्यासांत दिसले आहे. ही साथ घरातल्या पिंपांमुळे आली, असे आमचे म्हणणे नाही. पण पाण्याच्या वाटेवरचा प्रत्येक पृष्ठभाग, टाकी, पाइप, पिंप, स्वच्छ असणे किती गरजेचे आहे, हे त्यातून कळते.

जुलाबानंतर काही दिवसांनी हातापायांना मुंग्या आल्या, पायातली ताकद गेल्यासारखी वाटली, चालताना तोल जाऊ लागला, तर घरी थांबू नका. रुग्णाला लगेच मोठ्या रुग्णालयात न्या.

आठवड्यातून एकदा काय करायचे?

१. पिंप पूर्ण रिकामे करा. तळाचे पाणी ठेवू नका.

२. काथ्याने किंवा नायलॉनच्या ब्रशने भिंत, तळ, कड आणि झाकणाची आतली बाजू घासा. तारेची घासणी प्लास्टिकला वापरू नका. तिच्या ओरखड्यांत जंतू आणखी घट्ट बसतात.

३. सुटलेला थर दोनदा विसळून काढून टाका.

४. साधारण १५ लिटरच्या बादलीत एक सपाट चहाचा चमचा ब्लीचिंग पावडर कालवा. ते पाणी आतून सगळीकडे लावा, अर्धा तास ठेवा, मग स्वच्छ विसळा. त्यात संडासाचे ॲसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो.

५. पिंप उन्हात पालथे घालून कोरडे होऊ द्या. ओल गेली की उरलेले बरेच जंतू मरतात.

६. पाणी भरल्यावर झाकण लावा. लांब दांड्याच्या ओगराळ्याने पाणी काढा, हात बुडवू नका. क्लोरीनचे थेंब बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणात टाका आणि अर्धा तास थांबा. घरात लहान मूल, गरोदर स्त्री किंवा आजारी माणूस असेल तर पाणी खळखळ उकळून द्या.

या घासण्याचा दुसरा फायदा डेंग्यूसाठी आहे. त्या डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या जरा वर भिंतीला अंडी चिकटवते. ती कोरडी होऊनही महिनोन्महिने टिकतात. पाणी नुसते ओतून दिले तर ती जात नाहीत, घासल्यावर जातात.

हे काम एकट्या आईचे किंवा सुनेचे समजू नका. रविवारी विहारात वंदनेला जाण्याआधी घरातल्या पुरुषांनी आणि मुलांनी पिंप घासायला हात लावावा.

भिक्खूंचे गाळणे

भिक्खूंच्या आठ परिष्कारांत चीवर आणि भिक्षापात्राबरोबर पाण्याचे गाळणेही आहे. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांना इजा होऊ नये, हा त्यामागचा हेतू. त्या साध्या फडक्याचा आरोग्याला काय उपयोग होतो, हे बांगलादेशात दिसले. पटकीचे जंतू पाण्यातल्या बारीक जिवांच्या अंगाला चिकटून राहतात. तिथल्या खेड्यांत जुन्या साडीच्या किमान चार घड्या करून पाणी गाळायला शिकवले, तेव्हा पटकीचे रुग्ण जवळपास निम्म्याने घटले. तो अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. फडके मात्र रोज धुऊन उन्हात वाळवले पाहिजे, नाही तर थर फडक्यावरच साठतो. विषाणू फडक्यातून आरपार जातात, म्हणून गाळल्यावर औषध किंवा उकळणे हवेच.

हक्काची बाजू

वस्तीतली माणसे अस्वच्छ असतात म्हणून आजार होतो, असे बोलणारे भेटतात. त्यांना विचारावे, आमच्या घरात पिंपे का आहेत? नळ दिवसातून थोडाच वेळ येतो म्हणून. जिथे पाणी साठवावे लागते, तिथे थर धरणारच. दोष साठवणाऱ्याचा नाही.

याच पुण्यात १८६८ साली जोतीराव फुल्यांनी आपल्या घरचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले, ते समान माणूसपणाच्या हक्कासाठी. आज पाणी मिळते, पण ते सुरक्षित मिळणे हाही हक्कच आहे. भारतीय मानकानुसार क्लोरीन टाकलेल्या पाण्यात ग्राहकाच्या नळापाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असले पाहिजे. आपल्या वस्तीतल्या नळाची ही तपासणी करून मागा. गटारातून गेलेला किंवा गळका पाइप दिसला तर क्षेत्रीय कार्यालयात लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. एकट्याने जाण्यापेक्षा महिला मंडळाने आणि विहार समितीने मिळून जावे.

पिंप आपण घासू, पाइप महापालिकेने दुरुस्त करावा. दोन्ही कामे झाली तरच मुलांच्या ग्लासातले पाणी सुरक्षित राहील.