वाचले, पाठ झाले. पण समजले का?

वसतिगृहातील मुलगा सायंकाळच्या अभ्यासाच्या तासाला पुस्तक उघडून बसतो. धडा तीनदा वाचतो. ओळी ओळखीच्या वाटू लागतात आणि 'मला येते' अशी त्याची प्रामाणिक खात्री पटते. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न थोडा फिरवून विचारला की तो गप्प होतो. आपण म्हणतो, 'अभ्यास केला नाहीस.' वस्तुतः त्याने अभ्यास केलेला असतो. ओळखीचे वाटणे आणि समजणे यांतील भेद मात्र त्याला कोणी दाखविलेला नसतो.

आपल्याला काय समजले, काय समजले नाही, अडले तर काय करावयाचे, याचे भान ठेवणे म्हणजेच शिक्षणशास्त्रात ज्याला मेटाकॉग्निशन म्हणतात ते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅव्हेल यांनी १९७० च्या दशकात ही संज्ञा रूढ केली. आपण तिला 'आकलनाचे भान' म्हणू. शिकलेल्या घरात हे भान नकळत रुजते. 'हे उत्तर कसे काढलेस?' असे तेथे कोणी तरी सहज विचारते. ज्या घरातून पहिलीच पिढी शाळेत येते, तेथे हा प्रश्न अभ्यासाच्या संदर्भात विचारणारे कोणी नसते. याचा अर्थ आपल्या आईवडिलांजवळ हे भान नाही, असा मुळीच नव्हे. विटांचा थर चढविताना गवंडी पुन्हा पुन्हा ओळंबा सोडून भिंत तपासतो. भिंत पूर्ण झाल्यावर ती वाकडी असल्याचे कळण्याची तो वाट पाहत नाही. पुस्तक वाचताना ओळंबा कसा सोडावा, एवढेच मुलाला शिकवावयाचे राहून जाते. मग त्याच्यावर 'मंद' असा शिक्का बसतो आणि तो शिक्का मुलगा स्वतःही खरा मानू लागतो. माझ्या मते, आपल्या मुलांचे सर्वांत मोठे नुकसान येथे होते.

हा दोष केवळ आपल्या मुलांचा नाही. १९७९ साली एलन मार्कमन यांनी प्राथमिक शाळेतील मुलांना परस्परविरोधी विधाने असलेले उतारे दिले. समुद्राच्या तळाशी प्रकाश मुळीच नसतो, आणि तेथील मासे आपले अन्न रंगावरून ओळखतात, असा एका उताऱ्याचा आशय होता. अनेक मुलांना, अगदी बारा वर्षांच्याही, त्यात काही खटकले नाही. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोगही बोलका आहे. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना आपल्याला तो चांगला लक्षात राहील असे वाटत होते. एका आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिण्याचा सराव केलेले विद्यार्थी पुढे गेले.

तेव्हा प्रश्न शिक्षकांच्या तयारीचा आहे. प्रशिक्षणात या विषयावर व्याख्यान होते, तक्ता दाखविला जातो, शिक्षक तो वहीत उतरवून घेतात. म्हणजे ज्या घोकंपट्टीविरुद्ध प्रशिक्षण, तीच प्रशिक्षणाची पद्धत! खरे प्रशिक्षण शिक्षकाच्या स्वतःच्या वाचनापासून सुरू झाले पाहिजे. मराठीच्या शिक्षकाला विज्ञानाचा आणि गणिताच्या शिक्षकाला कायद्याचा अवघड उतारा द्यावा, आणि वाचताना मनात जे चालते ते मोठ्याने बोलावयास सांगावे. 'येथे मी थांबलो', 'हा शब्द मी गृहीत धरला', 'मागे जाऊन पाहतो'. प्रथम संकोच वाटतो. परंतु आपले अडणे ज्याने चारचौघांत ऐकविले, तोच वर्गात मुलाच्या अडण्याला मान देऊ शकतो.

इतिहासाच्या तासाचे उदाहरण घेऊ. महाडच्या सत्याग्रहावरील पाठ शिक्षक मोठ्याने वाचतो आणि थांबून म्हणतो, 'सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने १९२३ मध्ये संमत केला. १९२४ मध्ये महाडच्या नगरपालिकेनेही तळे खुले केल्याचा ठराव केला. मग २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांना चवदार तळ्यावर का जावे लागले? मला हे जुळत नाही. पुन्हा वाचतो.' मुले प्रथमच पाहतात की गुरुजींनाही अडते, आणि अडणे हीच विचाराची जागा असते. कागदावरचा हक्क आणि प्रत्यक्षातला हक्क यांतील अंतर मग त्यांना स्वतःच सापडते. तारीख पाठ करणाऱ्या मुलाला ते सापडेलच असे नाही.

त्यानंतर ही सूत्रे हळूहळू मुलांच्या हाती द्यावीत. पॅलिंकसार आणि ब्राऊन यांनी १९८४ मध्ये मांडलेल्या पद्धतीत मुले छोट्या गटात पाळीपाळीने शिक्षक होतात : सारांश सांगतात, प्रश्न काढतात, अडलेले उलगडतात, पुढे काय येईल याचा अंदाज बांधतात. निवासी शाळेला सायंकाळचा तास हाताशी असल्याने हे विशेष सोयीचे आहे. त्या तासाला शांतता राखणे म्हणजेच अभ्यास, ही समजूत मात्र अधीक्षकांनी सोडावी लागेल.

एक सावधगिरी. 'आज मी काय शिकलो' असे छापील कागद रोज भरून घेतल्याने हे भान येत नाही. मुले चार ठरावीक वाक्ये शोधून काढतात. तसेच विषयाचे ज्ञान कच्चे ठेवून नुसते 'विचार कसा करावा' शिकविता येत नाही. ज्याला महाडची घटनाच ठाऊक नाही, त्याला तिच्यातील विसंगती कोठून दिसणार? आणि एक दिवसाच्या शिबिराने शिक्षक बदलत नाही. दोन शिक्षकांनी वर्षभर एकमेकांचे तास पाहावेत, तासानंतर दहा मिनिटे बोलावे. एवढ्यासाठी वेळापत्रकात जागा काढणे मुख्याध्यापकांच्या हातात असते.

पालकांनाही यात भाग घेता येईल. भेटीच्या दिवशी मुलाला 'किती गुण पडले?' एवढेच न विचारता, 'कोणते गणित अडले, आणि मग तू काय केलेस?' असे विचारावे. त्यासाठी स्वतःला ते गणित यावे लागत नाही.