जप्त केलेला मोबाईल कुणाचा?

नागपूरजवळच्या वाडीत शिकवायला लागलं की एक गोष्ट लवकर कळते. पोरांच्या दप्तरात सापडणारा मोबाईल बहुतेक वेळा त्यांचा नसतो, घराचा असतो. अमरावती रोडच्या दोन्ही अंगांना ट्रान्सपोर्टची ऑफिसं आणि गोडाऊन. कुणाचे वडील ट्रकवर, कुणाची आई हिंगणा एमआयडीसीत, कुणी अंबाझरीच्या आयुध निर्माणीत. अनेक घरांत स्मार्टफोन एकच, आणि गॅसच्या नोंदणीपासून बँकेच्या ओटीपीपर्यंत सगळं त्याच नंबरावर.

आमच्या शाळेत पूर्वी नियम होता: वर्गात मोबाईल दिसला की जप्त, आणि वडील शाळेत आल्याशिवाय परत नाही. नियम काही वाईट हेतूने केलेला नव्हता. कोरोनानंतर वर्ग भरू लागले तेव्हा अर्ध्या पोरांचे हात बाकाखाली असायचे आणि शिक्षक हैराण होते. एका शनिवारी नववीतल्या मुलाच्या दप्तरात मोबाईल वाजला. तो कार्यालयातल्या कपाटात गेला, कुलूप लागलं, सकाळची शाळा सुटली. दुपारी त्याची आई फाटकाशी आली. गोडाऊनमधून तशीच निघालेली, ओढणीवर पोत्यांची धूळ. "मॅडम, मोबाईल माहा आहे. याचे पप्पा रायपूरच्या रोडवर अडकले, टायर फुटला. त्यायले पैसे पाठवाचे आहेत. पोराले का शिक्षा द्याची ते द्या, पण मोबाईल द्या."

किल्ली ज्यांच्याकडे होती ते बाहेरगावी निघून गेले होते. मोबाईल सोमवारी मिळाला. शेजाऱ्यांकडून उसने पैसे घेऊन ती वेळ कशीबशी निभावली, पण मुलगा पुढे बरेच दिवस शाळेकडे फिरकलाच नाही. वडील घरी परतल्यावर त्याला काय सोसावं लागलं ते त्याने कधी सांगितलं नाही, आणि मलाही विचारवलं नाही.

म्हणून नव्याने नियम करणाऱ्या प्रत्येक शाळेला मी पहिली गोष्ट हीच सांगते: मोबाईल घ्या, पण रात्रभर ठेवू नका. शाळा सुटताना तो घरी गेलाच पाहिजे. पालकांना बोलवायचं तर फोन करून, त्यांच्या सोयीच्या वेळी बोलवा. आई आली तरी चालेल, आजी आली तरी चालेल. ट्रकवरच्या बापाने गाडी सोडून यायचं कसं?

मोबाईल वर्गाबाहेर ठेवण्याबद्दल मात्र माझ्या मनात शंका नाही. युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटलंय की एकदा लक्ष उडालं की ते अभ्यासावर परत यायला वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो. आपला तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा. म्हणजे एका मेसेजमागे निम्मी तासिका जाऊ शकते. आणि ज्याला गणित आधीच जड जातं, त्याचं नुकसान सगळ्यात जास्त होतं. हुशार मुलगी घरी जाऊन धडा भरून काढते, त्याला ते जमत नाही.

आम्ही आता असं करतो. वर्गाच्या दाराशी नंबर घातलेल्या कप्प्यांची लाकडी पेटी आहे. पहिल्या तासाआधी मोबाईल बंद करून त्यात ठेवायचा. सायलेंटवर नाही, बंद. वहीत हजेरी क्रमांक लिहायचा आणि काचेला तडा असेल तर तोही लिहायचा. ही तड्याची नोंद आळस न करता ठेवा, पुढची निम्मी भांडणं तिथेच मिटतात. शेवटच्या घंटेला वर्गशिक्षक पेटी उघडतात.

मुलाचा मोबाईल शिक्षकाने उघडून पाहायचा नाही. कुणी वर्गातल्या मुलीचा व्हिडिओ काढल्याची तक्रार आली, तर तो 'पुरावा' म्हणून शिक्षकांच्या ग्रुपवर टाकणं हा त्या मुलीवर दुसरा अन्याय आहे. मोबाईल बंद करा, मुख्याध्यापकांना सांगा, दोन्हीकडच्या पालकांना बोलवा. प्रकार लैंगिक स्वरूपाचा असेल तर तो शाळेत मिटवायचा नसतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. मुलांसाठी १०९८ आणि सायबर फसवणुकीसाठी १९३० हे नंबर आमच्या फळ्याच्या कडेला कायम लिहिलेले असतात. मारणं आणि वर्गासमोर पाणउतारा करणं, दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद केलंय.

मोबाईलचे नियम गावांनीही केलेत. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यात बांशीच्या ग्रामसभेने २०२२ मध्ये अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगलीच्या मोहित्यांचे वडगावने दुसरी वाट धरली: संध्याकाळी सातला भोंगा वाजला की दीड तास मोबाईल आणि टीव्ही बंद, मोठ्यांचेही. मला वडगावची वाट जवळची वाटते, कारण तिथे मोठी माणसंही नियमात आहेत. शाळेतही तेच लागू. पोषण आहाराची माहिती आम्हाला मोबाईलवरूनच भरावी लागते, हे खरं. ती तासाआधी किंवा मधल्या सुट्टीत भरा. तासाला मोबाईल काढावाच लागला तर कशासाठी, ते मुलांना सांगा.

गृहपाठाचंही तसंच. टाळेबंदीत व्हॉट्सअ‍ॅपवर अभ्यास द्यायची सवय आपल्याला लागली आणि ती सुटलीच नाही. 'असर'च्या २०२४ च्या ग्रामीण पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो शिकण्यासाठी वापरला होता, सुमारे ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. अभ्यासाच्या नावाने हातात आलेला मोबाईल कुठे जातो ते यात दिसतं. गृहपाठ फळ्यावर लिहा, मुलं वहीत उतरवतील.

आणि पालकांचं एक म्हणणं खरं आहे: "मधेच काही झालं तर पोराले सांगाचं कसं?" त्यांना शाळेचा नंबर द्या, डायरीच्या पहिल्या पानावर छापून. शाळा भरल्यापासून सुटेपर्यंत तो उचलणारं माणूस ठरवा, आणि ते माणूस रजेवर असेल त्या दिवशी कोण उचलणार तेही.