भुकेची वाट पाहू नको, पोरी

मामाजी वाळले म्हणून तू आपल्याच स्वयंपाकाला दोष देत बसतेस, ते आधी सोड. कौंडण्यपुरात काय नि कुठे काय, घरातलं म्हातारं माणूस वाळलं की बोट सुनेकडेच जातं. स्मृतिभ्रंशात भूकच वाट चुकते, बाई.

1. जेवणाची वेळ घड्याळाला विचार, त्यांना नको – जठरातलं घ्रेलिन ‘भूक लागली’ सांगतं, चरबीतलं लेप्टिन ‘पुरे’ म्हणतं. हे निरोप ऐकणारा मेंदूचा भागच या आजारात बिघडू शकतो. अंग वाळलं की लेप्टिन उतरतं आणि एरवी भूक चाळवते, इथे ती चाळवेलच असं नाही. भूक विसरली तरी वेळ विसरू नये.

2. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर वजन करून लिहून ठेव – कित्येकांचं वजन विसरभोळेपणा ध्यानात येण्याआधीच घसरू लागतं. सहा महिन्यांत 50 किलोचे 47.5 झाले, तर डॉक्टरांना दाखवायचंच.

3. आपल्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीची पालखी पंढरपूरला निघाली की मामाजींना रोजच एकादशी वाटते ना? वाद घालू नको, भगर नि शेंगदाण्याची आमटी वाढ – उपास मनाचा, घास पोटाचा.

4. दोन भरल्या ताटांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं दे: दूध-गुळातल्या ज्वारीच्या कण्या, तुरीचं घट्ट वरण, वर तूप – घास कमी, तर त्यात बळ जास्त हवं. साखरेचा आजार असेल तर गूळ डॉक्टरांना विचारून.

5. फोडणी त्यांच्या नाकाशी दरवळू दे, वर लिंबू पिळ – वास कळणं या आजारात लवकर मंदावतं, मग तुझं चांगलं वरणही त्यांना बेचव लागतं.

6. चकाकत्या स्टीलच्या ताटात पांढरा दहीभात नको, रंगीत ताटली घे – दिसलं तरच हात जातो. पदार्थही एका वेळी एकच.

7. कवळी, हिरड्या, तोंडातले छाले, बद्धकोष्ठ बघ – दुखतं ते सांगता येत नाही, मग नुसतं तोंड फिरवतात.

8. स्मृतिभ्रंशावरची डोनेपेझिल चालू असेल तर डॉक्टरांना भुकेबद्दल सांग – ती गोळी काहींची भूक मारते. आपल्या मनानं मात्र बंद करू नको.

9. ताठ बसवून भरव, घाई नको – आडवं खाल्लं की अन्न श्वासनलिकेत जायची भीती. वारंवार ठसका लागत असेल तर लगेच दाखव.

10. ‘सून जेवायला देत नाही’ असं त्यांनी शेजारी सांगितलं, तर मनाला लावून घेऊ नको – जेवल्याचंच आठवत नाही. पुन्हा चार घास वाढ.

11. काहींचं उलट होतं, सारखं गोड मागतात – तिथे डबा नजरेआड.

12. आणि तूही ताट घेऊन समोर बस – दुसऱ्याला खाताना पाहून त्यांचा हात चालतो. तू उपाशी राहून त्यांना भरवत बसलीस, तर दोघांनाही निभायचं नाही.